दारावरचा पोचा

चिमणे,

तुला असं म्हणायचा हक्क आता त्याचा. पण हे पत्र मी टाकणारच नाहीये.

परवा सिग्नल तोडून माझी सायकल ज्या गाडीच्या दारावर आदळली, ती तुझ्या नवऱ्याची निघाली. चूक सरळसरळ माझी. सायकलला कुठला आलाय विमा! भरपाई मीच देणार म्हणून अडून बसलो, तर तो म्हणाला, "अहो, राहू द्या. माझा विमा आहे ना." वर कंपनीने माझ्याकडून वसुली करू नये म्हणून, सिग्नल आपणच तोडला असं त्यांना सांगून मोकळा झाला. इतका चांगला कशाला वागतो गं मेला?

तू त्याच्याकडे गेलीस, ते मी गिळलं. आता माझी चूकही तोच घेऊन गेला. ती तरी परत करायला सांग त्याला.

गुडघा फुटलेला,
तुझा पहिला नवरा