नेकचलनी

पुंडलिकनगर, औरंगाबाद
२० नोव्हेंबर १९८८

ति. सौ. सारजावहिनीस,
आशाचा नमस्कार. कापसाची वेचणी कुठवर आली? तुमची कंबर कशी आहे? बन्सीसोबत पाठवलेल्या करंज्या पोचल्या. एकटीच खाणारी, म्हणून पुरवून पुरवून खाते आहे.

सरू, आईला पत्र तूच वाचून दाखवत असशील. आत्याचं अक्षर सांभाळून घे.

इकडं ठीक. दिवाळीची सुट्टी संपलेली नाही, त्यामुळं दिवस फार लांब वाटतो. हे गेल्यापासून सकाळी थापलेली भाकरी संध्याकाळीही तशीच असते. काल कुकरची शिट्टी झाली तर मी "आले, आले" म्हणाले. घरात दुसरा आवाज तेवढाच.

एक गंमत सांगते. सुट्टीआधी नववीला 'कॅरेक्टर' हा शब्द शिकवला. फळ्यावर अर्थ लिहिले: चारित्र्य, शील, वर्तणूक, स्वभाव. मग म्हटलं, वाक्यात उपयोग करा. एका मुलीनं लिहिलं, 'बद्रीनाथचे कॅरेक्टर चांगले आहे, कारण तो खोटे बोलत नाही. मीनाचे कॅरेक्टर चांगले आहे, कारण ती मोठ्याने हसत नाही.' इंग्रजीत एकही चूक नव्हती. पूर्ण मार्क दिले.

मधल्या सुट्टीत ती वही मुख्तार सरांना दाखवली. आमच्याकडं इतिहास शिकवतात. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. म्हणाले, "आमच्या अब्बांच्या निजामाच्या वेळच्या दाखल्यावर याला 'नेकचलनी' लिहिलंय. चलन म्हणजे चालणं, मॅडम. जो बसूनच राहिला, तो कसला नेक आन् कसला बद?"

खूप दिवसांनी मी मोठ्यानं हसले. मीनाच्या वाक्यात मी नापास.

सर अधूनमधून संध्याकाळी येतात. फाटकाशी उभं राहूनच बोलतो. घरमालकीण मनकर्णाबाई पायरीवर लसूण सोलत असतात. एकदा म्हणाल्या, "मॅडम, तुमचे सर रोज फाटकाला टेकूनच वापस जातेत. बिजागरी निखळंल की माझी!"

सरू, दादा ओट्यावर असतील तर इथंच थांब. पुढचं आईला रानात नेऊन वाच.

वहिनी, भाऊबिजेचं मी अजून लिहिलंच नाही. दादांनी घरी काय सांगितलं, ठाऊक नाही. मी पाट मांडला होता, निरांजन लावलं होतं. ते बसलेच नाहीत. उंबऱ्यातूनच म्हणाले, "लोक बोलतेत ते खरं हाय का नाय, तेवढं सांग."

मी "व्हय" म्हणाले.

"आशा, आपल्या घराला कॅरेक्टर हाय."

दादांना येणारा बहुतेक तो एकच इंग्रजी शब्द. विचारावंसं वाटलं, दादा, बद्रीनाथचं का मीनाचं? पण ते वळले होते. ताम्हण तसंच हातात. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात ना, तशी अंगणात गेले. बीजेची कोर बारीक होती. मनकर्णाबाई पायरीवरून बघत होत्या.

आम्ही कचेरीत लग्न करतोय, वहिनी. धर्म कुणीच बदलणार नाही. मी दिवा लावीन, ते नमाज पढतील. नोटीस सोमवारीच कचेरीच्या फळ्यावर लागली. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं.

साक्षीला तिघं लागतात. एक त्यांची बहीण, मेहरुन्निसा आपा. दुसऱ्या मनकर्णाबाई. स्वतःहून म्हणाल्या, "म्या करते सही. रोज बघत आले, साक्ष दुसरं कोण देणार?"

तिसरी जागा मोकळी आहे. शाळेतलं कुणीही येईल. पण तुम्ही नव्या नवरी असताना मी परातीत राख पसरून तुम्हाला तुमचं नाव लिहायला शिकवलं होतं. 'सा'चा काना तुम्ही परातीच्या काठापर्यंत ओढायच्या. ते नाव मला त्या कागदावर हवं आहे.

वीस डिसेंबर, मंगळवार. दादांच्या विरोधात जा, असं मी म्हणत नाही. पाचोडहून सकाळी एसटी असते, एवढंच लिहिते. नाही आलात, तरी पुढच्या दिवाळीला करंज्या पाठवा.

दादांना नमस्कार. घेतील तर.

तुमची, अजून तरी नणंद,
आशा