आईची पितळी पाटी

चि. याव यास,

क्वाकूदादाचा आशीर्वाद. तू, तुझी बायको आणि लेकरं ठणठणीत असाल असं धरून चालतो. हॅम्बुर्गात यंदा थंडी फार, असं तू फोनवर म्हणालास. जपून राहा. आई इकडे कुमासीत शवागाराच्या कप्प्यात आहे, तिला तुझ्याहून जास्त थंडी वाजत असणार, पण ती तक्रार करत नाही. तू आल्याशिवाय तिला मातीत ठेवायचं नाही असं घराण्यानं ठरवलं, आणि तू दर फोनला पुढच्या महिन्याचं नाव घेतोस. असो. तू आला नाहीस, कंटेनर आला.

त्यातून निघालेलं तुझं सीएनसी मिलिंग मशीन, कॉम्प्युटरच्या हुकमानं धातू कोरणारं, आता माझ्या शेडमध्ये बसलंय. सुआमेच्या साऱ्या फिटर-वस्तीत तुझं कौतुक चाललंय. (माझं जुनं हाताच्या चाकाचं मशीन कोपऱ्यात तोंड फिरवून उभं आहे. मी त्याची समजूत घालतो.) चालवायला आपल्या बहिणीची सेरवा येते. पोरगी शिकलेली, पण मला नीट शिकवते. हे मशीन सुरू केलं की आधी आपल्या घरच्या कोपऱ्यात जाऊन येतं, रोज, न सांगता. त्याशिवाय कामाला हात लावत नाही. मी म्हटलं, जर्मनीहून आलेल्यांत निदान एकाला तरी घर आठवतं.

मग त्याला शून्य दाखवायचं, म्हणजे माल टेबलावर नेमका कुठे सुरू होतो ते. पुढचं सगळं ते तिथून मोजतं. त्याला डोळे नाहीत, सांगितलेलं तेवढं खरं. पहिलं काम आईच्या कबरीची पितळी पाटी करायचं ठरलं. सेरवानं नाव लिहून दिलं, मी पाटी क्लँपखाली आवळली, शून्य दाखवलं, सगळं बरोबर. पण नव्या मशीनवर पितरांना दारूचे थेंब दिल्याशिवाय चालू करणारे आपण कोण? मी बापाचं नाव घेऊन ओतली. हात जरा सैल सुटला (बाप जिवंतपणीही थेंबावर भागवत नसे), पाटी भिजली. ती काढली, पुसली, परत आवळली आणि हिरवं बटण दाबलं.

पाटी चार बोटं सरकली होती. मशीनला कोण सांगणार? 'आमा' पितळेवर आलं, 'सारपोंग'मधला 'सा' लोखंडी क्लँपवर, आणि तिथे कोरायचं टूल मोडलं.

"मोठे मामा, आधी टूल वर उचलून नुसतं हवेत चालवून बघा म्हटलं होतं ना?" सेरवा म्हणाली.

"मी जन्मात हवेत काम केलेलं नाही," मी म्हटलं.

शेजारचा ओपोकू फिटर कंबरेवर हात ठेवून बघत होता. "म्हातारीनं क्लँपवरच मुक्काम टाकला रे क्वाकू. थंडीला कंटाळली बिचारी."

कुणी हसलं नाही. तोही नाही.

मशीनचा राग येत नाही, याव. त्याला वाटत होतं, पाटी ठेवली होती तिथेच आहे. तुलाही वाटतं, आई तू सोडून गेलास तिथेच आहे, अंगणात केळी सोलत. कुणीतरी तुला नवं शून्य दाखवायला हवं.

बाकी सर्व क्षेम.

तुझा,
क्वाकूदादा

ता. क. दुसरी पाटी चढवली आहे. नाव सुंदर उतरलं. पुढे दफनाची तारीख आहे, ती ठरलेली नाही म्हणून सेरवानं मशीनला तिथे थांबा घातलाय. काम तिथेच अडलंय. दफनं आपल्याकडे शनिवारीच, तेव्हा एक शनिवार कळव.

ता. क. २. शेवटचं टूलही आता बोथट झालंय. तारखेपुरतं एक नवं लागेल. पार्सलने पाठवू नकोस, पार्सलं फार झाली. खिशात घालून आण.