शिवण बाहेर

प्रिय ताई,

तू माझ्या लेकीला पाठवलेला लेसचा फ्रॉक तिने फोटो स्टुडिओत जेमतेम दोन मिनिटं अंगावर ठेवला, मग काढून फोटोग्राफरच्या हातात दिला. फोनवर मी तुला "छान बसला" म्हणाले, ते खोटं होतं. कपड्यांवरून तिची रोजची रडारड ऐकून तू म्हणालीस, लाडावलीय, दोन फटके दे.

तिला दाखवायला नेते त्या थेरपिस्टबाई म्हणतात, हा हट्ट नाही, तिच्या कातडीला आपल्यापेक्षा जास्त कळतं. आतली शिवण तिला काट्यासारखी टोचते. वीस वर्षं शिलाई मशीन चालवतेय, माझ्या शिवणीला कुणी नावं ठेवली नव्हती. ठेवली ती पोटच्या पोरीने. आता तिचे कपडे मी शिवण बाहेर ठेवूनच शिवते. गिऱ्हाइकं हळूच सांगतात, "बाई, पोरीला उलटं घातलंय."

परवा आठवलं, लहानपणी तूही गणवेश उलटा घालायचीस. आई तुला बदडायची आणि मी दारामागे हसायचे.

हे पत्र काही पाठवत नाही. तुझ्या मापाचा गाऊन तेवढा पाठवतेय, शिवण बाहेर. तू म्हणशील, धाकटीला अजून सुलटं-उलटं कळत नाही. म्हण, पण आधी घालून बघ.

तुझी,
दारामागची