मॉनिटरच्या पाठीवरचं कुंकू

गुरुवार, संध्याकाळ

भंगारात देणार नाही म्हणजे नाही! याच मॉनिटरवर मी डायची, म्हणजे साच्यांची, ड्रॉइंग काढायला शिकले, चाकणच्या कंपन्यांची कामं घरबसल्या मिळवली. जुना कॉम्प्युटर बंद पडला, त्यात याचा काय दोष? खंडेनवमीला मी वायर काढून ठेवलेल्या एकट्या मॉनिटरचीच पूजा केली होती. पडद्याला डाग नको म्हणून ओलं कुंकू आणि अक्षता पाठीमागे लावल्या.

आज नव्या कॉम्प्युटरला अडॅप्टर लावून जोडला, तर पडदा काळाच. माझा नवरा लगेच म्हणाला, "अगं, नवीन घे. त्या डबड्यावर किती जीव टाकशील?"

डबडं? डोकंच फिरलं माझं. टॉर्च घेऊन मागे पाहिलं, तर मॉनिटरमध्ये वायर पूर्ण बसतच नव्हती. सॉकेटच्या तोंडावर कुंकवाने चिकटलेला तांदळाचा दाणा. माझाच! टाचणीने काढला, वायर दाबली आणि पडदा उजळला.

नवरा पोट धरून हसला. "आता तरी पूजा बंद कर!"

का म्हणून? पुढच्या खंडेनवमीलाही कुंकू लावणार, अक्षताही वाहणार. फक्त समोरून. पडद्याला डाग पडला तर पडू दे.