भोंगा वाजला तेव्हा

माय, तुझ्या पायावर डोकं ठेवून सुदर्शन लिथुआनियातून लिहून राहिला.

मी बरा हाय. तुझा गुडघा कसा हाय?

लढाईच्या भीतीनं हा चिमुकला देश लोकांकडून तळघरात जायचा सराव करून घेतो. सोमवारी भोंगा वाजला. मला वाटलं, खरंच हल्ला झाला. घरमालकीण आजी काठी टेकत जिन्यात उभी व्हती. तिनं हात पुढं केला, अन् मी तिला ढकलून खाली पळालो.

मागून ती हळूहळू आली, माझं जाकीट घेऊन. म्हणाली, "सराव व्हता. खाली थंडी असते, लेकरा."

तिची काळजी घेतो, असं तुला फोनवर सांगत व्हतो. ते खोटं निघालं.

आता रोज तिला धरून जिना उतरतो. ती बिनघोर हात देते. मला मात्र तिच्याकडं बघवत न्हाई.

तुझाच,
सुदर्शन