दहावा चिंचोका

मंगळवार, संध्याकाळ. पडेगाव

सोयगावकडच्या मेंढपाळांच्या वस्तीवरून आत्ताच आले.

नळयोजनेनं काय बदललं, हे बायकांनीच सांगायचं होतं. म्हणून मी अंगणात रांगोळीचे दोन गोल काढले, 'आधी' आणि 'आता'. प्रत्येकीला दहा चिंचोके दिले. ज्या काळात सोय जास्त, त्या गोलात जास्त टाकायचे.

सगळ्यांनी दहाच्या दहा 'आता'मध्ये टाकले. फक्त धुरपदामावशींनी नऊ टाकले आणि एक मुठीत धरून 'आधी'कडे बघत राहिल्या. आमच्या संस्थेच्या सरांना फोटोची घाई. मी म्हणाले, "मावशी, तोही इथंच टाका ना." त्यांनी टाकला.

निघताना म्हणाल्या, "नळ लई चांगला हाय, बाई. पण त्याच्यापायी हौद पाडला. आता मेंढरं पाण्याला पार नदीवर न्यावी लागतेत."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तूच म्हणलीस की, इथंच टाका. म्हणलं, पोरीचं काम कशाला बिघडवा."

शेजारची हसली. "मेंढरांना कुठं चिंचोके दिलते हिनं?"

सर म्हणतात, अहवालात 'एकमत' लिही. माझा पहिलाच अहवाल. घरात पदवी घेतलेली मी पहिली, आई सगळ्यांना सांगते, आमची पोरगी लोकांचं ऐकायची नोकरी करते. ऐकायची? दहावा चिंचोका तर मीच टाकायला लावला.

उद्या अहवालात फोटोखाली लिहीन, 'धुरपदामावशींचा दहावा चिंचोका मी टाकायला लावला.' सर खोडतील कदाचित. पण खोडायला तरी त्यांना ते वाचावं लागेल.