शून्य निकोटिनचं यंत्र

रिपन, ४ मार्च २०१९

चि. विल्फ यास, अ. उ. आ.

पत्र पोचलं. मांडीतली शीर काढून डाव्या पायात जोडली आणि पाय वाचला, बरं झालं. पण डॉक्टरीणबाईंचं मुख्य म्हणणं तू अगदी शेवटच्या ओळीत कोंबलंस. तंबाखू सुटली नाही तर ती शीर बुजेल आणि पाय कापावा लागेल. चाळीस वर्षं वह्या तपासल्यात मी. असं कुठे दडवतात ते मला कळतं.

ई-सिगारेट घे, हा त्यांचा सल्ला मला मान्य आहे. कुठली, ते मात्र मला विचारून ठरव.

तुझी काळजी वाहणारी,
एनिडताई

ग्रिम्सबी, ९ मार्च

ती. एनिडताईस, सा. न.

दुकानात जाऊन आलो. कपाटभर यंत्रं बघून मी दारातच उभा राहिलो. आतली मॉरीन पूर्वी धक्क्यावर मासे साफ करायची. तिनं सरळच विचारलं, दिवसाला किती फुंकतोस रे म्हाताऱ्या? हाताने वळलेल्या तीस, म्हटलं. तर म्हणाली, ढगभर वाफ सोडणारं धूड पोरांना राहू दे, तू पेनाएवढं साधं घे. आतल्या द्रवात निकोटिन मात्र वीस मिलिग्रॅमचं, सगळ्यात कडक. कमी घेतलंस तर आठवड्यात पुन्हा तंबाखूच्या पुडीकडे पळशील. अजून घेतलं नाही. तू म्हणशील तसं.

तुझ्या आज्ञेतला,
विल्फ

रिपन, १२ मार्च

चि. विल्फ यास, अ. उ. आ.

वीस? दारू सोडणाऱ्याला कुणी ब्रँडी पाजतं का? निकोटिन शून्य असलेलं यंत्र टपालाने पाठवते आहे, सफरचंदाच्या वासाचं. बाकी मनाचा निग्रह लागतो. आई गेल्यापासून तुझं बरंवाईट मीच पाहिलं, हेही पाहीन. पुडी फेकून दे आणि दर रविवारी मला लिही, एकही ओढली नाही म्हणून.

एनिडताई

ग्रिम्सबी, ३१ मार्च, रविवार

ती. एनिडताईस, सा. न.

एकही ओढली नाही. यंत्र सारखं तोंडात असतं. आता सफरचंद दिसलं तरी मळमळतं. बटाटे लावायचे म्हणून दिवसाचे सहा-सात तास भाजीच्या वाफ्याजवळच्या अवजारांच्या खोपटीतच जातात. शेजारचा विचारतो, बटाट्यांशी एवढं काय बोलतोस? पायाची बोटं थोडी गार असतात. मॉरीन भेटली होती. शून्याचं ऐकून म्हणाली, बुडणाऱ्याला तुझ्या ताईनं दोरीचं चित्र पाठवलंय. रागावू नकोस.

विल्फ

रिपन, ३ एप्रिल

चि. विल्फ यास, अ. उ. आ.

मॉरीनबाईंनी आपल्या उपमा आपल्यापाशी ठेवाव्यात. तू करून दाखवलंस, याचा मला अभिमान आहे. बोटांसाठी लोकरीचे मोजे पाठवते.

एनिडताई

ग्रिम्सबी, इस्पितळ, २ मे

ती. ताईस, सा. न.

पाय सोमवारी कापला, गुडघ्याच्या वरून. शीर बुजली होती. आधी त्यांनी श्वासातला तंबाखूचा धूर मोजणाऱ्या एका नळीत फुंकायला लावलं. आकडा मोठा आला, मग लपवण्यासारखं काही उरलं नाही.

रविवारची सगळी पत्रं खोटी होती. खोपटीत बसून ओढत होतो, रोज वीस तरी. तुझ्या यंत्रानं तलफ भागत नव्हती. मॉरीनचं घ्यायला हवं होतं, पण तुला न विचारता घ्यायची हिंमत झाली नाही. बहात्तर वर्षांचा झालो, ताई, तरी तुझं पत्र तासभर तसंच ठेवून मग फोडतो.

उजव्या पायाची शीरही अरुंद झाली आहे म्हणतात. आता कुठलं यंत्र घेऊ, ते कळव.

विल्फ

रिपन, ६ मे

प्रिय विल्फ,

कळवणार नाही. ते मला कळत नाही, आणि मार्चमध्येही कळत नव्हतं. निकोटिन विष आणि धूर नुसता धूर, असं मी धरून चालले होते. शिरा बुजवतो तो मुख्यतः धूर, निकोटिन तलफ भागवतं; पुस्तक उघडून पाहिलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं.

तू खोटं लिहिलंस ते मला आवडलेलं नाही. पण खरं लिहायला मी जागा ठेवली नव्हती.

आज मॉरीनबाईंना फोन केला आणि चूक माझी म्हणून सांगितलं. त्यांनी मला चार शब्द सुनावले, मी ऐकून घेतले. उद्या त्या दोन-तीन यंत्रं घेऊन येतील आणि तुला चाकांच्या खुर्चीतून इस्पितळाच्या फाटकाबाहेर नेतील. ओढून बघ, जे जमेल ते घे. मला विचारू नकोस.

शुक्रवारी येते. उजवा पाय अजून आहे.

एनिड